गोंड्याच्या टोपीतलं पोर आणि ज्युली माने : पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातला एक गुरुवार

ज्युली माने हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही म्हसवडकडची असणार. मिरजेत माने आडनावाच्या पाच-सहा मुली तरी माझ्या हाताखालून गेल्या असतील. त्यातलीच एखादी पॅरिसला पोहोचून भिंतीवर लागली की काय! मग मुलानं सांगितलं, "आई, ते फ्रेंच माने. एम, ए, एन, ई, टी." शेवटचा टी म्हणायचाच नाही तर लिहितात कशाला, हे मी त्याला विचारलं. त्यानं नऊ वर्षं तिथं राहूनही उत्तर दिलं नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत काढली, आता निवृत्त. नातवाला सांभाळायला म्हणून अडीच महिने पॅरिसला राहून आले. त्या अडीच महिन्यांत जी संग्रहालयं बघितली, त्यातल्या एकाच ठिकाणी मी दोनदा गेले. ते हे, म्युझे मार्मोतां मोने. आपल्याकडच्या लोकांच्या यादीत ते सहसा नसतं. आमच्या शेजारच्या बाई ज्या टूरबरोबर गेल्या होत्या (नाव घेत नाही, त्यांचे पैसे गेले ते गेले), तिथं पॅरिसचे तीन दिवस म्हणजे मनोरा, बोटीतली फेरी आणि अत्तराच्या दुकानात दीड तास. त्या मला म्हणाल्या, चित्रं बघायला वेळच कुठं होता. त्यांच्यासारख्यांसाठीच हे लिहितेय.

जायचं कसं ते आधी सांगते. मेट्रोची नऊ नंबरची लाइन, स्टेशन ला म्युएत. तिथून चालत दहा मिनिटं, तीही रानेलाग नावाच्या बागेतून. सोमवारी बंद. गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून मुलाची कचेरी सुटल्यावर जाता आलं. तिकीट आम्ही गेलो तेव्हा १४ युरो होतं. रुपयांत हिशेब करू नका, केलात तर तिथं चहासुद्धा पिववणार नाही. अडीच वर्षांच्या नातवाला तिकीट नव्हतं.

इमारत म्हणजे एका श्रीमंताचं राहतं घर. मूळची कुणा सरदाराची शिकारीची कोठी, ती १८८२ साली ज्यूल मार्मोतांनी घेतली. त्यांच्या मुलानं, पॉलनं, मरताना घर आणि आतलं सामानसुमान फ्रान्सच्या कला अकादमीला देऊन टाकलं. १९३४ साली ते लोकांसाठी उघडलं. त्यामुळं आत शिरल्यावर संग्रहालयात आल्यासारखं वाटत नाही, कुणाच्या तरी घरी भलत्या वेळी पाहुणे म्हणून गेल्यासारखं वाटतं. नेपोलियनच्या काळातलं फर्निचर, सोनेरी घड्याळं वगैरे आहेत. त्यात ज्यांना रस आहे त्यांनी थांबावं. मी थांबले नाही.

लोक येतात ते मोनेसाठी. क्लोद मोने. हा माने नव्हे, हा मोने. इथंच गोंधळ होतो. ज्या चित्रावरून 'इम्प्रेशनिझम' (क्षणाचा उजेड झटपट पकडणारी चित्रकारांची रीत) हे नाव पडलं, ते बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र इथंच आहे. १९८५ साली भरदिवसा हत्यारबंद माणसांनी ते आणि आणखी आठ चित्रं उचलून नेली होती. पाच वर्षांनी कॉर्सिका बेटावर सापडली. लोक त्या सूर्याकडं बघतात, मग तळघरातल्या दालनात जाऊन कमळांसमोर बसतात, आणि निघतात. कमळं छान आहेत. पण कमळंच बघायची असतील तर गावात ऑरांजरी संग्रहालयात भिंतभर लांबीची आहेत, तिथं जा. इथं यायचं ते पोरं बघायला.

पहिलं पोर मिशेल. मोनेचा धाकटा मुलगा. लहानसंच चित्र, १८८० सालचं, डोक्यावर गोंड्याची टोपी, गुबगुबीत गाल. मी समोर उभी राहिले आणि कडेवरच्या नातवाकडं बघितलं. त्याच्याही डोक्यावर गोंड्याची टोपी, मीच विणलेली, मिरजेहून नेलेली. वयही तेच, दोनच्या पुढं. सून म्हणाली, "आई, तुम्ही हे बघूनच विणलीत का?" मी कशाला बघून विणू? पोरांच्या टोपीला गोंडा लावावासा वाटतो, एवढंच. ते आमच्याकडं काय आणि तिकडं काय.

ते चित्र घाईत काढलंय. ब्रश कुठं रेंगाळलेला नाही. चेहऱ्यावर जेवढं लक्ष, तेवढं अंगावर नाही, आणि अंगावर जेवढं तेवढं मागच्या रंगावर नाही. ज्यानं दोन वर्षांचं मूल समोर बसवून रेखाटायचा प्रयत्न केलाय त्याला हे लगेच कळेल. तुम्ही नाक काढता, तोवर नाक दुसरीकडं गेलेलं असतं. नीट नाक काढावं की तो पडायच्या आत त्याला धरावं, असा प्रसंग असतो.

आणि एक गोष्ट मुलानं माहितीच्या पाटीवरून आणि मोबाईलवरून जोडून सांगितली. मिशेलची आई, कामीय, १८७९च्या सप्टेंबरात गेली. मिशेल तेव्हा दीड वर्षाचा. म्हणजे टोपीतलं हे पोर बिनआईचं आहे. मोनेनं तिला मरताना, अंथरुणात, चितारलं होतं. ते चित्र ऑर्से संग्रहालयात आहे, तेही मी बघितलंय. त्यानंतर हे. चित्रात दुःखाचं काही दाखवलेलं नाही. पोराला थंडी वाजू नये म्हणून कुणीतरी टोपी घातलीय, एवढंच दिसतं. ती कुणी घातली असेल, हा विचार मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

आता ज्युली माने. तिची आई बर्थ मोरिझो, इम्प्रेशनिस्टांमधली चित्रकार. आईचं नाव मला आधी माहीत होतं, पुस्तकात एक चित्र होतं. पाळण्यात बाळ आणि शेजारी आई, जाळीदार पडद्यातून बघणारी. ते तिचं सर्वात प्रसिद्ध चित्र, १८७२चं, ऑर्सेत. मी वर्गात पोरींना सांगायची, बघा, आईनं आपल्या बाळाला कसं बघितलंय. साफ चूक. ते बाळ तिच्या बहिणीचं आहे आणि शेजारी बसलेली ती बहीण. बर्थचं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं म्हणायचं.

तिचं लग्न झालं १८७४च्या डिसेंबरात, चित्रकार एदुआर मानेच्या धाकट्या भावाशी, उजेनशी. ज्युली झाली १४ नोव्हेंबर १८७८ला. चौदा नोव्हेंबर! आमच्या बालदिनाला! हे वाचल्यावर मी त्या दालनात मोठ्यानं "अगं बाई" म्हटलं आणि दोन फ्रेंच बायकांनी वळून बघितलं. इम्प्रेशनिस्टांची एकूण आठ प्रदर्शनं झाली, १८७४ ते १८८६. बर्थ सातांत होती. चुकलं ते एकच, १८७९चं. बाळंतपण. घरात मूल लहान असताना शाळेतल्या कोणत्या बाईची कोणती बढती चुकली, ते मला तोंडपाठ आहे, त्यामुळं यावर मी जास्त बोलत नाही.

पण त्यानंतर तिनं काय केलं, तर जे मूल आडवं आलं त्यालाच समोर बसवलं. ज्युली बाहुलीशी खेळताना, बागेत, पुस्तक वाचताना, व्हायोलिन वाजवताना. शंभराच्या वर चित्रांत आणि रेखाटनांत ज्युली आहे. मोरिझोचा जगातला सर्वात मोठा संग्रह याच घरात आहे, त्यामुळं इथं ज्युली मोठी होताना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दिसते.

मला सर्वात आवडलेलं चित्र बुजिवालच्या बागेतलं, १८८१चं. बाप बाकावर बसलाय, त्याच्या मांडीवर ज्युलीचं खेळणं मांडलंय, आणि समोर टोपी घातलेली ज्युली आपल्या कामात. मी बराच वेळ विचार करत होते की यात वेगळं काय आहे. मग लक्षात आलं. बाप मूल सांभाळतोय आणि आई काम करतेय! १८८१ साली! बर्थ इझेलमागं उभी आहे म्हणूनच तर हा गृहस्थ मांडीवर खेळणं घेऊन गप्प बसलाय. असे बाप आमच्या आळीत आजही मोजून दोन निघतील. माझे यजमान त्यातले नव्हते, देव त्यांचं भलं करो. मी मुलाला म्हटलं, "बघ, असं बसायचं." तो म्हणाला, "मीच तर बसतो." बसतो खरा.

दुसरं आवडतं, १८८६चं, मोठ्या चिनी वाडग्यावर वाकलेल्या दोन मुली. तो वाडगा एदुआर मानेनं दिलेला. एक ज्युली आणि दुसरी त्यांच्या इमारतीच्या रखवालदारणीची मुलगी. मालकाची कुठली आणि रखवालदारणीची कुठली, ते चित्रावरून सांगता येत नाही. दोघींचंही लक्ष पाण्यात.

आता माझी कबुली. ज्यांनी एलिमेंटरी, इंटरमीजिएटची परीक्षा दिलीय त्यांना माझा पुढचा मुद्दा चटकन कळेल. स्मरणचित्राच्या पेपरात आम्ही काय सांगतो? पार्श्वभूमी भरा. कोपरे कोरे ठेवू नका. कागद दिसता कामा नये. बर्थ मोरिझोचे सगळे कोपरे कोरे आहेत! म्हणजे अगदी कोरे नाहीत, पण ब्रश तिथं गेला, दोन-चार फटकारे मारले आणि परत पोरीकडं आला. काही ठिकाणी कॅनव्हास उघडा दिसतो. त्या काळच्या टीकाकारांनीही हेच म्हटलं होतं, की बाई चित्र पुरं करत नाहीत. मी १९९० साली तिथं परीक्षक असते तर तिला 'क' श्रेणी दिली असती, आणि घरी येऊन शांतपणे जेवले असते. दिलीही आहे, तिला नाही, दुसरीला. मिरजेतलीच एक मुलगी, धाकट्या भावाला समोर बसवून सराव करायची. चेहरा असा उतरवायची की भाऊ आत्ता रडेल असं वाटावं. बाजूला सगळा कोरा कागद. मी विचारलं, हे का नाही भरलंस? ती म्हणाली, "बाई, तोवर तो उठला." मी लाल पेनानं गोल केला होता. तो लाल गोल मला ज्युलीच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात दिसत होता.

ज्युली आणि तिच्या लांबोडक्या कुत्र्याचं चित्र १८९३चं. कुत्र्याचं नाव लाएर्त. कवी मालार्मेनं दिलेला. आदल्याच वर्षी उजेन गेला होता. ज्युली चौदा-पंधरा वर्षांची, गडद झग्यात, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची, नुसत्या रेषांत अर्धवट सोडलेली. त्या खुर्चीबद्दल लोक बरंच बोलतात म्हणे. मला विचाराल तर घरात बाप नाही, मुलगी मोठी होतेय, आणि आई तिच्याकडं बघत बसलीय, हे खुर्ची नसती तरी कळलं असतं. त्याच वर्षी, १८९३लाच, तिकडं राजा रविवर्म्यानं आपल्या मुलीला, महाप्रभेला, तिच्या बाळासह चितारलं. 'देअर कम्स पापा' म्हणून जे चित्र आपल्याला छापील प्रतींतून माहीत आहे, ते. त्यातली प्रत्येक जर, प्रत्येक दागिना पुरा आहे, कुत्रासुद्धा पुरा. एकाच वर्षी दोन चित्रकारांनी आपापल्या मुली काढल्या, दोन्हींत कुत्रा, आणि एकात बाप येतोय तर दुसऱ्यात बाप गेलाय. आमच्या परीक्षेत रविवर्म्याला 'अ'. अजूनही देईन. पण उभी मी लाएर्तपाशी जास्त वेळ राहिले.

१८९५ साली ज्युलीला फ्लू झाला, आईनं तिची सेवा केली, आणि आईच गेली, २ मार्चला. वय चौपन्न. ज्युली सोळा वर्षांची. शेवटच्या पत्रात तिनं ज्युलीला रडू नकोस म्हणून सांगितलंय, आणि मग सगळी निरवानिरव. चित्रकार देगानं कधी संग्रहालय काढलं तर एदुआर मानेचं एक चित्र निवडून घ्यावं म्हणून सांग, मोनेला, चित्रकार रेन्वारला काहीतरी आठवण दे, आणि दोन्ही रखवालदारणींनाही दे. रखवालदारणीपर्यंत आल्यावर मी चश्मा पुसला.

मृत्यूच्या दाखल्यावर तिचा व्यवसाय नाही म्हणून लिहिलंय. तिची कबर पासीच्या दफनभूमीत आहे, त्रोकादेरोला लागूनच, जिथं सगळे लोक आयफेलबरोबर फोटो काढतात. मुद्दाम गेले. माने मंडळींच्या थडग्यात ती आहे. दगडावर तिचं नाव आणि पुढं 'उजेन मानेची विधवा'. चित्रकार वगैरे काही नाही. मुलगा भाषांतर करून सांगताना जरा अडखळला.

आता या संग्रहालयाचं खरं वैशिष्ट्य, जे मला दुसऱ्या खेपेला कळलं. ही चित्रं इथं आली कशी? मिशेल मोनेला मूलबाळ नव्हतं. बापाची चित्रं, जिव्हर्नीचं कमळांच्या तळ्याचं घर, सगळं त्याच्याकडं होतं. तो ३ फेब्रुवारी १९६६ला मोटारीच्या अपघातात गेला आणि सगळं अकादमीला देऊन गेला. शंभरावर मोने या घरात आले. म्हणजे टोपीतल्या पोरानंच ती टोपी आपल्याला दाखवलीय. ज्युलीनं आईची चित्रं जन्मभर जपली, आणि तिच्या मुलानं व सुनेनं, दनी आणि आनी रुआर यांनी, ती इथं येतील अशी व्यवस्था केली. ज्युली कधी गेली? १४ जुलै १९६६. मिशेलचा जन्म मार्च १८७८चा, ज्युलीचा नोव्हेंबर १८७८चा. दोघं एका वर्षी जन्मली, एका वर्षी गेली, आणि आता एका छपराखाली आहेत, एक दोन वर्षांचा आणि एक सगळ्या वयांची. हे कुठल्या पाटीवर ठळक लिहिलेलं मला दिसलं नाही. तारखा मी वहीत उतरवून आणल्या होत्या, रात्री भांडी घासताना जुळल्या.

कुणी जावं? ज्यांना गर्दीत चित्र बघवत नाही त्यांनी. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी, कारण दालनं लहान आहेत आणि पोराला दाखवायला पोरंच आहेत. आमच्यानं मिशेलकडं बोट करून विचारलं, "ह्याचं नाव काय?" सांगितलं. "तो बोलत का नाही?" याचं उत्तर देता आलं नाही. पाय दुखणाऱ्यांना दोन तास पुरे होतात. एक सूचना : चित्रं अधूनमधून दुसऱ्या देशांत प्रदर्शनाला जातात, तेव्हा एखादं ठराविकच बघायचं असेल तर आधी चौकशी करून निघा. ज्यांना फक्त "पॅरिसमध्ये हे बघितलं" असं सांगायचंय त्यांच्यासाठी ही जागा नाही. नाव सांगितलं तर मिरजेत कुणाला कळत नाही, मी अनुभव घेतलाय. पोस्टकार्डं घ्या. मी मिशेलचं एक आणि लाएर्तचं एक घेतलं. लाएर्तचं शाळेला दिलं, चित्रकलेच्या वर्गात लावायला.

पहिल्या दिवशी बाहेर पडल्यावर रानेलागच्या बागेत बसून दशम्या खाल्ल्या. तिथं ला फोंतेनचा पुतळा आहे, गोष्टी सांगणारा कवी, आणि त्याच्याजवळ कोल्हा आणि कावळा. कावळ्याच्या तोंडातल्या तुकड्यासाठी कोल्हा त्याला गायला लावतो, ती आपल्यालाही माहीत असलेली गोष्ट. नातवानं कोल्ह्याला दशमी द्यायचा बराच प्रयत्न केला. स्टेशनवर पोहोचल्यावर लक्षात आलं, पोराच्या डोक्यावर टोपी नाही. सून म्हणाली राहू दे, दुसरी घेऊ. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आणि अंधारात परत फिरले. बाकापाशी नव्हती. पुतळ्यापाशी नव्हती. मग वळताना दिसली : कुणीतरी उचलून कुंपणाच्या लोखंडी टोकावर नीट बसवून ठेवली होती, गोंडा वर करून.